ऐरोलीतील फ्लॅटसाठी वीज गेल्यावरची तयारी : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

ज्या घरांत इन्व्हर्टर बसवण्यास जागा नाही किंवा तो बसवायचाच नाही, अशा घरांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवत आहे. आमचा फ्लॅट नवी मुंबईतील ऐरोलीत, सात मजली इमारतीच्या पाचव्या मजल्यावर असून सोसायटीकडे जनरेटर नाही. घरात आम्ही दोघे, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असल्याने त्या रात्री दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लावून झोपतात, आणि या साऱ्या खटाटोपाचे मूळ ते यंत्रच आहे.

राज्यभरातील विजेच्या वाटपावर नियंत्रण ठेवणारे भारप्रेषण केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर आमच्याच ऐरोलीत आहे आणि कळव्याचे ४०० किलोव्होल्टचे उपकेंद्रही जवळच आहे. तरीही १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा मनोऱ्यांच्या सावलीत राहण्याचा काही फायदा नसतो हे सर्वांना कळले. तसा प्रसंग क्वचित येतो. नेहमीचा त्रास वेगळा आहे : पावसाळ्यात भूमिगत केबलमध्ये पाणी शिरते किंवा खोदकामात तिला धक्का लागतो, दोष नेमका कोठे आहे ते शोधून जोड मारेपर्यंत रात्र निघून जाते. म्हणून उद्दिष्ट दहा तासांचे ठरवले आहे. वातानुकूलन, फ्रिज, गिझर, लिफ्ट आणि पाण्याचा पंप या गोष्टी हिशेबातून पहिल्याच दिवशी वगळल्या, कारण हातात उचलून नेता येईल असे कोणतेही साधन त्यांना पुरे पडत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान जनरेटरचा विचारही येथेच संपवला. बंदिस्त बाल्कनीत त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि त्याला वास नसल्याने तो कळतही नाही.

९ एप्रिल

खरेदीपूर्वी मोजणी. सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये लावायचा वॅटमीटर सुमारे ९०० रुपयांना घेतला. ज्याला पुढे काहीही घ्यायचे आहे त्याने प्रथम हा घ्यावा, कारण ॲडॉप्टरवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, प्रत्यक्ष वापराचा नव्हे. आमच्या राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट, १.५ ॲम्पियर, म्हणजे १८ वॅट लिहिलेले आहे. मीटरवर तो ८ वॅटच घेतो. छापील आकडा धरून हिशेब केला असता तर दुपटीपेक्षा मोठी बॅटरी विकत घेतली गेली असती.

खरा धक्का सीपॅपने दिला. त्याच्या ॲडॉप्टरवर ९० वॅट आहेत. पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी चालू असताना यंत्र सरासरी ४० वॅटच्या आसपास घेते, आणि ती दोन्ही बंद करून नुसता हवेचा दाब ठेवला की आकडा १० वॅटवर येतो. सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारले असता, एखाद्या रात्री ह्युमिडिफायरविना चालेल, घसा कोरडा पडेल इतकेच, असे त्यांनी सांगितले. प्रत्येकाच्या प्रकृतीला हे लागू होईलच असे नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये. आमच्यापुरती मात्र बॅटरीची गरज या एका उत्तराने चौपटीने घटली.

छताचा पंखा वॅटमीटरला लावता येत नाही. वीज मंडळातून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, “अगं, मीटर रूममध्ये जा, घरातलं सगळं बंद कर आणि फक्त पंखा चालू ठेव. मग मीटरवरचा लाल दिवा मोज.” आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुका असे लिहिलेले आहे. यजमानांनी वर सगळे प्लग काढले, मी खाली मोबाइलवर वेळ लावून उभी राहिले. पाच मिनिटांत दिवा २० वेळा लागला. म्हणजे तासाला २४०, आणि २४० भागिले ३२०० म्हणजे तासाला ०.०७५ युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा निघाला. दिवा मिनिटाला चारदाच लागत असल्याने एका मिनिटाच्या मोजणीवर विसंबू नये, निदान पाच मिनिटे तरी उभे राहावे. फ्रिजचा प्लग काढायचा राहिला तर सगळी मोजणी वाया जाते.

१३ एप्रिल

आता वॅटचे वॅट-तास (वॅट गुणिले तास; बॅटरीत किती वीज मावते ते यात मोजतात). ज्यांना पॉवर बँकेच्या खोक्यावरचा आकडा खरा वाटतो त्यांच्यासाठी हा हिशेब सविस्तर लिहीत आहे. खोक्यावर २०,००० मिलीॲम्पियर-तास असे मोठ्या अक्षरांत असते, पण तो आकडा आतील सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. त्याचे ७४ वॅट-तास होतात. मोबाइलकडे वीज ५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाने जाते, रूपांतरात काही भाग उष्णतेत जातो, आणि हाती साधारण ६० वॅट-तास लागतात. हाच आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘५ व्होल्टला १२,००० मिलीॲम्पियर-तास’ अशा रूपात बहुधा दिलेला असतो; दुकानात खोके उलटे करून तोच वाचावा. आजकालच्या ५,००० मिलीॲम्पियर-तासांच्या मोबाइलमध्ये सुमारे १९ वॅट-तास मावतात, तेव्हा एवढ्या पॉवर बँकेतून तीन वेळा चार्जिंग होते, चार वेळा नाही.

या हिशेबातून ठरलेले धोरण असे : प्रत्येक गरजेला तिची स्वतंत्र बॅटरी. उजेडाला दिव्यातली, मोबाइलला पॉवर बँकेतली, राउटरला त्याची लहान यूपीएस (वीज जाताच आतल्या बॅटरीवर उपकरण चालू ठेवणारी डबी), आणि मोठा पॉवर स्टेशनचा खोका, म्हणजे सॉकेट असलेली उचलता येणारी मोठी बॅटरी, फक्त सीपॅपसाठी. यजमानांचे मत प्रथम एकच मोठा खोका घेऊन सगळे त्यावर चालवावे असे होते. त्यात दोन अडचणी आहेत. तो एका खोलीत असतो आणि वीज गेल्यावर माणसे चार खोल्यांत असतात. शिवाय तो एक बिघडला की घरात काहीच उरत नाही.

२० एप्रिल

खरेदीसाठी ठाणे स्थानकाजवळच्या बाजारात गेलो, नंतर मुंबईतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडलाही चक्कर मारली. पदपथावर ५०,००० मिलीॲम्पियर-तासांच्या पॉवर बँका ७०० रुपयांना मिळत होत्या. त्या खोट्या आहेत हे ओळखण्यास स्वयंपाकघरातील वजनकाटा पुरतो. ‘१८६५०’ या मापाच्या गोल सेलचे वजन सुमारे ४५ ग्रॅम असते आणि चांगल्या सेलमध्ये २,५०० ते ३,००० मिलीॲम्पियर-तास मावतात. वीस हजारांसाठी सात-आठ सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचेच वजन ३०० ग्रॅमच्या वर जाते. चपट्या सेलची पॉवर बँक थोडी हलकी भरते, पण पन्नास हजारांचा दावा करणारी वस्तू पाव किलोची असेल तर तिच्या आत काय आहे हे उघडून पाहण्याचे कारण नाही.

दुसरी तपासणी भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची. पॉवर बँकेला ही नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर आयएस क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते. बाजारात पाहिलेल्या एका पॉवर बँकेवर क्रमांक होता, परंतु ॲपमध्ये तो भलत्याच वस्तूच्या नावावर निघाला. ती तेथेच ठेवली. अखेरीस प्रत्येकी २,१०० रुपयांच्या दोन घेतल्या. निवडताना आणखी एक अट ठेवली होती, ती म्हणजे टाइप-सी मुखातून १२ व्होल्ट मिळणे. जलद चार्जिंग देणाऱ्या प्रत्येक पॉवर बँकेत ५, ९ आणि २० व्होल्ट असले तरी १२ असेलच असे नाही, म्हणून मागच्या मजकुरात तो आकडा शोधावा लागतो. त्याची गरज का, ते पुढच्या नोंदीत आहे.

२६ एप्रिल

राउटरची लहान यूपीएस १,४०० रुपयांना आली आणि चालली नाही. पिन बाहेरून तंतोतंत बसत होती, पण वायर जरा हलली की राउटर बंद पडून पुन्हा सुरू होई. या पिनांचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असतो, मात्र आतील भोक कुठे २.१ तर कुठे २.५ मिलिमीटरचे असते, आणि डोळ्यांना हा फरक दिसत नाही. खोक्यातील चार पिनांपैकी दुसरी लावल्यावर तो प्रश्न सुटला. त्यात एक संध्याकाळ गेली.

क्षमतेचा प्रश्न मात्र पिन बदलून सुटणारा नव्हता. आत २,२०० मिलीॲम्पियर-तासांचे तीन सेल आहेत, म्हणजे सुमारे २४ वॅट-तास. ८ वॅटच्या राउटरला ते तीन तासांच्या आत संपतात. जाहिरातीतील ‘सहा तास’ हे ४ वॅटच्या राउटरचे असणार. दहा तासांसाठी ३५० रुपयांची एक वायर घेतली, जी पॉवर बँकेच्या टाइप-सी मुखाकडून १२ व्होल्ट मागून घेते आणि दुसऱ्या टोकाला राउटरची पिन देते. यूपीएस संपत आली की ही वायर लावायची, पुढे सात तास निघतात. राउटर कायमचा पॉवर बँकेवर ठेवून तीच चार्ज करत राहण्याचा प्रयोगही करून पाहिला, पण आमची पॉवर बँक मुख्य वीज येता-जाता क्षणभर पुरवठा तोडते आणि प्रत्येक वेळी राउटर नव्याने सुरू होतो. म्हणून यूपीएस लागतेच.

२८ एप्रिल

राउटर चालू, दिवे हिरवे, आणि इंटरनेट नाही. देखभालीसाठी आधी जाहीर केलेल्या बंदच्या काळात हे लक्षात आले. फायबर हा स्वतः विजेवर चालत नाही, आणि ज्या इमारतींत फायबर थेट घरापर्यंत येतो तेथे बहुधा मधला विभाजकही विजेविना चालतो. आमच्या इमारतीत मात्र फायबर जिन्यातील डक्टपर्यंत (केबल वर नेण्याच्या उभ्या कप्प्यापर्यंत) येतो आणि तेथून नेटवर्क स्विचमार्गे, म्हणजे एक जोडणी अनेक घरांत वाटणाऱ्या पेटीतून, साध्या केबलने घराघरांत जातो. तो स्विच सोसायटीच्या जिन्याच्या दिव्याच्या लाइनवर आहे. केबलवाल्या दादांना विचारले तर ते म्हणाले, “मॅडम, माझ्या ऑफिसात बॅटरी आहे, पण तुमच्या डक्टमध्ये कोण ठेवणार?” उत्तर सरळ होते. सचिवांशी बोलून तशीच एक लहान यूपीएस सोसायटीच्या खर्चाने डक्टमध्ये बसवली. स्विच ५ वॅटच घेत असल्याने तेथे ती जास्त वेळ टिकते. ज्यांनी घरी राउटरसाठी यूपीएस घेतली असेल त्यांनी डक्ट उघडून पाहावा, अन्यथा केवळ हिरवे दिवे पाहण्यासाठी पैसे खर्च होतात.

४ मे

वीज गेल्यावर आपोआप लागणारे चार दिवे, प्रत्येकी ३८० रुपयांचे. चाचणीसाठी दिव्यांच्या लाइनचा एमसीबी (ती लाइन तोडणारी पॅनेलमधली खटकी) खाली पाडला आणि चारपैकी एकही लागला नाही. दुकानदाराला फोन करण्यापूर्वी काकांना दाखवले हे बरे झाले. या दिव्याला वीज गेली आहे की कोणी बटण बंद केले आहे हे ओळखावे लागते. त्यासाठी तो आपल्या दोन टोकांत सूक्ष्म दाब सोडून पाहतो. बटण बंद असेल तर वाट तुटलेली असते आणि तो विझलेला राहतो. बाहेरची वीज गेली असेल तर त्याच वायरीवरील इतर उपकरणांतून वाट पुरी होते, म्हणून तो लागतो. आम्ही एमसीबी पाडला तेव्हा त्या लाइनवरचे पंखे बंद होते, त्यामुळे वाटच उरली नव्हती. पंख्याचे बटण चालू केल्याबरोबर स्वयंपाकघरातला दिवा लागला, मग पॅसेजमधला. खऱ्या अंधारात अडचण येत नाही, कारण तेव्हा शेजाऱ्यांची उपकरणेही त्याच फेजवर असतात.

बटण चालू असेल तरच हे दिवे चार्ज होतात आणि लागतात. रात्री झोपताना सवयीने बटण बंद केले तर मध्यरात्री ते निरुपयोगी. म्हणून पॅसेज आणि न्हाणीघर या दोनच ठिकाणी ते कायमचे लावले, उरलेले दोन दिवे खोलीत चालू ठेवून चार्ज करून कपाटात ठेवले; तळाच्या धातूच्या दोन भागांना ओल्या बोटांनी एकदम स्पर्श केला तरी ते हातात लागतात, आणि त्यांच्याबरोबर मिळणारी टोपी लावली की कोठेही टांगता येतात.

१२ मे

पंख्याचा प्रश्न सर्वांत चिवट ठरला. मेमध्ये खाडीकाठच्या दमट हवेत पंख्याशिवाय झोप लागत नाही. आमच्या वायरमनने सुचवले, “वहिनी, दोन्ही बाजूंना पिन असलेली एक वायर मारून देतो. खोका कुठल्याही सॉकेटला जोडा, सगळं घर चालेल.” ही सूचना अनेक घरांत अमलात आणली जाते, म्हणून स्पष्ट लिहिते : हे कधीही करू नये. मुख्य स्विच पाडायचा राहिला तर ती वीज उलट बाहेर जाते आणि केबलवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. मुख्य वीज परत आली तर खोका जळतो. आणि वायरीचे एक टोक सॉकेटमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना जिवंत असतात. वायरमनला नाही म्हटले, चहा दिला आणि त्याच भेटीत अर्थिंगचा खराब जोड दुरुस्त करून घेतला.

त्याऐवजी चार्जिंगचा टेबल पंखा घेतला, २,८०० रुपये. त्याच्या वेष्टनावर ‘१२ तास’ आहेत, ते सर्वांत कमी वेगाचे. त्या वेगात मच्छरही उडत नाहीत. मधल्या वेगाला साडेतीन तास मिळाले. प्रथम घेतलेला पंखा फक्त स्वतःच्या २३० व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चार्ज होत होता. तो दुकानदाराने बदलून टाइप-सीवर चार्ज होणारा दिला, आणि त्यामुळे तो पॉवर बँकेवर चालत राहतो. येथून पुढे प्रत्येक वस्तूला एकच अट लावली : ती टाइप-सीवर चार्ज झाली पाहिजे. छताला कमी विजेचा बीएलडीसी पंखा बसवला तर वापर ७५ वरून ३० वॅटच्या आसपास येतो, पण घरात इन्व्हर्टरची स्वतंत्र वायरिंग नसताना त्याचा लाभ विजेच्या बिलालाच होईल. तो बेत सध्या नाही.

२५ मे

सीपॅपसाठी पॉवर स्टेशन. ५१२ वॅट-तास, लिथियम आयर्न फॉस्फेट, ३८,००० रुपये. याच रसायनाचा आग्रह धरण्याचे कारण असे की ते इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा उष्णता अधिक सहन करते आणि त्याची चार्जिंगची आवर्तने हजारोंत मोजली जातात. वजन मात्र जास्त असते, आमचा खोका साडेसहा किलोंचा आहे. दुसरी अट शुद्ध साइन वेव्हची, म्हणजे घरच्या विजेसारख्या सुरळीत लाटेची. चौकोनी लाटेवर वैद्यकीय यंत्र चालवू नये.

घडीचे सौर पॅनेल सोबत घ्यावे काय, हा प्रश्न होता. १०० वॅटचे पॅनेल मित्राकडून आणून बाल्कनीच्या ग्रिलला बांधले. आमची बाल्कनी पूर्वेला आहे. सकाळी नऊला ५५ वॅट मिळाले, अकरानंतर ग्रिलच्या गजांची सावली पॅनेलवर पडताच ते १५ वर आले आणि दुपारी जवळजवळ शून्य. मे महिन्याच्या निरभ्र आकाशात ही अवस्था, तर ज्या जुलैसाठी सारी तयारी आहे त्या जुलैत काय होणार हे उघड आहे. पॅनेल परत दिले, नऊ-दहा हजार वाचले. गच्चीवर हक्क असलेल्यांचे गणित वेगळे असू शकेल.

२ जून

रात्रीची रंगीत तालीम. खोक्याच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला सीपॅप लावून, ह्युमिडिफायर बंद ठेवून सासूबाई दहाला झोपल्या. पावणेबाराला हाक आली, “अगं, हे मशीन बंद पडलं बघ.” खोका ९४ टक्के भरलेला होता, बिघाड काही नव्हता. भार फार कमी असेल तर काही काळाने पुरवठा आपोआप तोडण्याची बचतीची सोय त्यात असते आणि ती कारखान्यातूनच चालू होऊन येते. सीपॅपचे १० वॅट त्याला नगण्य वाटले. ही सोय ॲपमधून बंद केली. जो कोणी कमी विजेच्या यंत्रासाठी असा खोका घेईल त्याने ही गोष्ट दिवसाउजेडी तपासावी. पॉवर बँकांतही हाच प्रकार असतो. लहानसा यूएसबी दिवा अर्ध्या मिनिटात विझतो तो त्यामुळेच.

उरलेली रात्र नीट गेली, पण सकाळचा हिशेब खटकला. साडेसात तासांच्या झोपेला १० वॅटने ७५ वॅट-तास लागायला हवेत. खर्च झाले सुमारे १६५. उरलेले खोक्याने स्वतःवर खर्च केले. बॅटरीच्या वीजेचे २३० व्होल्टमध्ये रूपांतर करणारा भाग नुसता चालू ठेवला तरी १०-१२ वॅट खातो, म्हणजे यंत्राइतकेच. त्यानंतर यंत्राचा ॲडॉप्टर ते २३० पुन्हा २४ व्होल्टवर आणतो.

७ जून

हा वळसा टाळण्यासाठी सीपॅपच्या उत्पादकाचाच १२ व्होल्टवरून २४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मागवला. तो गाडीच्या सिगारेट लायटरसारख्या सॉकेटला लागतो आणि तसे सॉकेट खोक्याला आहे. किंमत ७,५०० रुपये, जी त्या लहान डबीकडे पाहता बोचते. बाजारात दीड हजाराचेही मिळतात. श्वासाच्या यंत्राला ते लावण्याचे धाडस केले नाही. निकाल : तेवढ्याच झोपेला ८५ वॅट-तास, म्हणजे खोक्याचा सहावा भाग. तुलनेसाठी एक रात्र ह्युमिडिफायरसह २३० व्होल्टवरही चालवून पाहिले, तेव्हा सकाळी १९ टक्के उरले होते. म्हणजे याच खोक्यावर एका पद्धतीने एक रात्र निघते आणि दुसऱ्या पद्धतीने पाच. आधी कन्व्हर्टर घेऊन मग लहान खोका निवडला असता तरी भागले असते. नव्याने घेणाऱ्यांनी याच क्रमाने जावे.

१९ जून

खरी परीक्षा. मुसळधार पावसात रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी वीज गेली, ती सकाळी साडेनऊला आली. केबलमधील दोष होता. तक्रारीसाठी १९१२ किंवा महावितरणचा १८००-२१२-३४३५ हा निःशुल्क क्रमांक. वीजबिलावरील ग्राहक क्रमांक हाताशी लागतो आणि अंधारात बिल सापडत नाही, म्हणून तो आता फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे.

पॅसेजमधला दिवा आपोआप लागला. सासूबाईंचे यंत्र खोक्यावर लावण्यास दोन मिनिटे लागली, ती प्रामुख्याने कन्व्हर्टर शोधण्यात. तो आता खोक्यालाच पिशवीत बांधून ठेवला आहे. इंटरनेट पहाटे तीनपर्यंत राउटरच्या यूपीएसवर आणि पुढे पॉवर बँकेवर चालले, डक्टमधला स्विचही चार-साडेचारपर्यंत टिकला. त्यानंतर मोबाइलचे नेटवर्कही क्षीण झाले, कारण टॉवरच्या बॅटऱ्यांनाही मर्यादा असते. तेव्हा १,२०० रुपयांचा रेडिओ उपयोगी पडला. सकाळी आकाशवाणीच्या १०७.१ वर लोकलची स्थिती कळली, तोवर मुलाच्या मोबाइलवर एकही पान उघडत नव्हते.

अपेक्षेपेक्षा जास्त वापरली गेली ती डोक्याला बांधायची विजेरी. तीन आणल्या होत्या, प्रत्येकी ४५० रुपयांच्या, काहीशा अनिच्छेने. पाण्याची बादली उचलताना, पाच मजले उतरताना, काकांना इन्सुलिनचे पेन शोधून देताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि मोबाइलची विजेरी तेथे कुचकामी ठरते. उलट ज्या मोठ्या टेबल दिव्याचे मुलाला कौतुक होते तो कोणी लावलाच नाही.

पंखा साडेतीन वाजता थांबला, मग दुसऱ्या पॉवर बँकेवर पाचपर्यंत. पावसामुळे गारवा होता म्हणून निभावले.

२३ जून

काकांच्या निमित्ताने इन्सुलिनचा विषय पुढे आला. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. आमच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून आणि प्लग काढून पाहिले : दार न उघडता चार तासांत ४ अंशांवरून ९ वर गेला. दर तासाला दार उघडले तर हा वेळ बराच कमी होतो. काकांनी दाराच्या कप्प्यातील पेने आतल्या बाजूस, पाण्याच्या गार बाटल्यांच्या मध्ये ठेवली. बर्फाला चिकटून ठेवू नयेत, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते. पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी त्यांनी मागवली आहे, परंतु ती बाष्पीभवनावर चालते आणि जुलैच्या दमट हवेत तिचा प्रभाव मर्यादित राहील असे मी त्यांना सांगितले. उघडलेल्या पेनपुरती ती चालेल.

५ जुलै

वीज जाण्याऐवजी ती बंद करावी लागण्याचा प्रसंग. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा पाऊस भरतीच्या वेळी झाला तर आमची तळमजल्यावरील मीटर रूम पाण्याखाली जाण्याआधी पुरवठा तोडावाच लागेल, आणि पाणी ओसरून पॅनेल वाळेपर्यंत तो जोडता येणार नाही. तेव्हा दहा तासांचा हिशेब अपुरा पडतो. सीपॅपसाठी पाच रात्रींची सोय आहे, उरलेल्यांनी मोबाइल बचतीच्या स्थितीत ठेवून दिवसाला एकदाच चार्ज करायचा असे ठरवले. वरच्या टाकीत पाणी राहील तोवरच पाणी, म्हणून पिण्याचे वीस लिटर वेगळे. पैसे देण्याचे ॲप नेटवर्कविना चालत नाही, त्यामुळे दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा एका पाकिटात ठेवल्या. कागदपत्रांच्या प्रती, औषधांची यादी आणि एक शिट्टी त्याच पिशवीत आहे.

३ ऑगस्ट

साठवण. माळ्यावर सापडलेली जुनी चार्जिंगची विजेरी मेलेली निघाली. तिच्यात शिशाची लहान बॅटरी असते आणि ती महिनोन्‌महिने रिकामी पडून राहिली की पुन्हा उठत नाही. लिथियमचे उलट आहे. ती पूर्ण भरूनही पडून राहू नये आणि पूर्ण रिकामीही. पॉवर बँका साधारण ६० टक्क्यांवर ठेवल्या आहेत, पावसाळ्यापुरत्या ८० वर. प्रत्येक वस्तूवर शेवटच्या चार्जिंगची तारीख लिहिलेली पट्टी आहे आणि वीजबिल भरण्याच्या दिवशी सगळ्या तपासल्या जातात. फुगलेली पॉवर बँक घरात ठेवू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

एकूण खर्च ५९,२२० रुपये झाला. त्यातील ४५,५०० पॉवर स्टेशन आणि कन्व्हर्टरचे, म्हणजे एकट्या सीपॅपचे आहेत. ज्या घरात असे यंत्र नाही त्यांना उजेड, मोबाइल, इंटरनेट, रेडिओ आणि एक पंखा ही तयारी १४ हजारांच्या आत होते, आणि त्यांनी पॉवर स्टेशनच्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करावे असे माझे मत आहे.

उरलेली कामे : सासूबाईंच्या खोलीसाठी दुसरा पंखा, आणि डक्टमधील यूपीएसची जबाबदारी कोणाची हे सोसायटीच्या पुढील सभेत ठरवणे. गेल्या आठवड्यात कोणीतरी तिचा प्लग काढून तेथे इस्त्रीवाल्याचा मोबाइल चार्जिंगला लावला होता.